शिमग्यात न चालणारी शिवी

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलगा नागोठण्याचा, शांत, कामाचा. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात टेकून बोलते आणि दर दोन वाक्यांनी त्याला 'ईडियट' म्हणते. "ए ईडियट, जेवलास का?" "ईडियटच आहेस, छत्री कोण विसरतं?" पलीकडे तो हसतो. भाकरी थापताना ते हसणं मला ऐकू येतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने फोन ठेवल्यावर मी बोलले.

"होणाऱ्या नवऱ्याला असं बोलतात का?"

"अगं आई, प्रेमाने बोलतात. हल्ली सगळेच बोलतात."

"त्याच्या आईने ऐकलं म्हणजे?"

"त्याची आई त्याला हेच बोलते."

तेवढ्यात आमचे हे बाहेरच्या खोलीतून उठले, चपला घातल्या आणि पाण्याची मोटर बंद आहे का बघायला गेले. मोटर चालू नव्हतीच. टीव्हीवर हा शब्द आला तरी त्यांना काहीतरी काम आठवतं. मुलीच्या हे लक्षात आलेलं नाही. मीही आणून दिलेलं नाही.

मुलगी मात्र चिकित्सक. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर त्या शब्दाची कुंडली काढली आणि मला वाचून दाखवली. फार जुन्या काळी, कुठल्या तरी परदेशी भाषेत, जो माणूस आपल्या घरापुरतं बघतो आणि गावाच्या कारभारात पडत नाही, त्याला असं म्हणत. पुढे अडाण्याला म्हणू लागले. मग डॉक्टर लोक ज्याची बुद्धी वाढली नाही त्याच्यासाठी कागदावर हाच शब्द लिहीत. मग ती शिवी झाली. "आणि आता बघ, लाडाचा शब्द झालाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या गावात जो गावच्या कारभारात पडत नसे त्याला गावकी दंड करायची, शब्द शोधत बसायची नाही. ती हसली. पण तिच्या त्या कुंडलीत एक घर रिकामं होतं. शब्द शिवी होता तो काळ तिला एका ओळीत वाचता आला. मी तो काळ घरात काढला आहे.

आमचं गाव पेण तालुक्यात, कासू स्टेशनपासून खाडीच्या अंगाला. जमीन खारीची. समुद्राचं पाणी अडवायला गावाबाहेर मोठा मातीचा बांध असतो. तो फुटला की भरतीचं पाणी भातशेतात शिरतं आणि मग काही वर्षं तिथे भात होत नाही. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात बांध फुटला. आमचं शेत गेलं. सगळ्यांचंच गेलं, म्हणून रडायची सोय नव्हती. ज्यांना जमलं ते कंपन्यांत ठेकेदाराकडे लागले.

आमचे हे रोह्याच्या बाजूला एका कंपनीत लागले. सोबत त्यांचा चुलतभाऊ, माझा चुलत दीर. दोघे एकाच शिफ्टला, कासूहून एकाच गाडीने जायचे. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं की शिमगा झाल्यावर काही माणसं कंपनी परमनंट करून घेणार आहे. ज्यांचा खाडा नसेल त्यांची नावं पुढे जातील. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आणि शेत पाण्याखाली. त्या यादीत नाव जाणं म्हणजे आमच्यासाठी सगळंच होतं. मी मिठाची पुडीसुद्धा आणताना मनात म्हणायची, परमनंट झाल्यावर.

कंपनीबरोबर गावात नवे शब्द आले. शिफ्ट, गेटपास, जादा कामाची ओटी, बोनस. बायकाही बोलायला लागल्या. "आज ह्यांची सेकंड हाय गो," असं सांगताना माझ्या जावेची, चुलत दिराच्या बायकोची, मान जरा उंच व्हायची. या शब्दांची कोणाला लाज वाटत नव्हती. पगाराच्या पाकिटाबरोबर आलेले शब्द ते.

मूर्खपणासाठी आमच्याकडे घरचे शब्द भरपूर होते. येडा, खुळा, बावळट, ठोंब्या. सासूबाई तर कोंबडीलाही येडी म्हणायच्या आणि मलाही. ज्याला म्हणायचं त्याची सात पिढ्यांची माहिती असायची. त्याने म्हैस कशी घालवली, त्याच्या बापाने घराचं दार उलट्या दिशेला कसं लावलं, हे सगळं त्या एका शब्दात असायचं. ऐकणारा फार तर म्हणायचा, "तू लई शाणा," आणि तिथे संपायचं.

आता तो प्रसंग. कंपनीत एका यंत्रासाठी नवा काँक्रीटचा ओटा घातला होता. ताज्या काँक्रीटवर मातीचे छोटे बांध घालून काही दिवस पाणी साठवून ठेवतात, नाहीतर ते तडकतं. हे मला आज माहीत आहे, कारण पेणला आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा मीच रोज पाणी मारलं. तेव्हा ह्यांना माहीत नव्हतं. ते सकाळी कामावर गेले तर समोर पाणी तुंबलेलं. खारीतला माणूस. ज्याचं शेत साचलेल्या पाण्याने खाल्लं, त्याला पाणी तुंबलेलं बघवत नाही. कोणी सांगायची वाट न बघता ह्यांनी फावडं घेतलं, बांध फोडले आणि सगळं पाणी गटारात काढून दिलं. वर ओटा झाडून स्वच्छ केला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं.

साहेब आला, बघितलं आणि सगळ्या शिफ्टसमोर ओरडला, "यू ईडियट!" आणखीही इंग्रजीत बोलला, पण समजण्यासारखा, लक्षात राहण्यासारखा शब्द तेवढाच. मग पाइप लावून पुन्हा पाणी भरलं. नुकसान काही झालं नव्हतं.

घरी येऊन ह्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. चुलत दिराने गावात सांगितलं. वाईट मनाने नव्हे. त्याला गोष्ट सांगायची हौस, आणि गोष्ट होतीच गमतीची.

मग शिमगा आला. आमच्याकडे होळीपुढे नाव घेऊन शिव्या द्यायची रीत आहे. तोंडावर हात आपटून बोंब मारायची, मग कोणाचं तरी नाव, मग शिवी. सरपंच, सावकार, सासरा, कोणी सुटत नाही. आई-बहिणीवरून देतात आणि देणाऱ्याची आई समोर उभी राहून हसत असते. नियम एकच, होळीपुढची शिवी कोणी घरी न्यायची नाही. जो रागावला तो हरला.

ह्यांचं नाव निघालं तेव्हा नेहमीच्या दोन-तीन झाल्या. हे हसत होते, उलट देत होते. मग चुलत दिराने दोन्ही हात वर केले, ह्यांचं नाव घेतलं आणि ओरडला, "ईडियट रे ईडियट!"

पोरांना शब्द नवा आणि ओरडायला सोपा. त्यांनी तो उचलला. सगळी होळी 'ईडियट, ईडियट' करत फिरू लागली. मी बायकांत उभी होते. ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतून गेलेलं. ते होळीला नारळ न टाकताच घरी निघून आले. गावाने ते बघितलं. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "गेला गो, रागावून गेला." शिमग्यात रागावून जाणारा माणूस आमच्या गावाने कधी बघितला नसावा. आणि तो माझा नवरा होता. मला पहिली लाज वाटली ती शिवीची नव्हे, ह्यांच्या रागावण्याची.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी गावकी बसवायला लावली. सासूबाईंनी हातापाया पडून पाहिलं. ऐकलं नाही. देवळात पंच बसले, पुरुष बसले, आम्ही बायका बाहेर खांबांच्या आडोशाला.

पंचांतले सगळ्यात म्हातारे आबा म्हणाले, "शिवी दिली ना त्यानं? शिमग्यात शिव्याच देतात. आरती म्हणतात काय?"

"आपल्या द्यायच्या," हे म्हणाले. "ही आपली नाय."

"म्हंजे रं?"

"आयशीवरनं दिली, बहिणीवरनं दिली, मी काय बोल्लो? ही साहेबाची हाय. यानं ती कंपनीतनं गावात आणली."

चुलत दीर उठला. "आबा, कंपनीच्या गेटावर रोज झडती होते. डबा उघडून बघतात. शिवी नाय सापडली त्यांना."

देऊळ हसलं. हे हसले नाहीत.

आबांनी हात वर केला. "बरं, तिचा अर्थ काय?"

चुलत दिराला अर्थ माहीत नव्हता. पंचांना नव्हता. एक जण म्हणाला, जनावर. दुसरा म्हणाला, नाय, बाप नसलेल्याला बोलतात. आणि ह्यांनाही माहीत नव्हता. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि एकेक अर्थ ऐकताना त्यांचा चेहरा असा होता की जणू हे सगळे अर्थ त्यांनी आधीच करून बघितले आहेत. साहेबाने चारचौघांत आपल्याला नक्की काय म्हटलं, हे माहीत नसताना हा माणूस इतके दिवस माझ्याशेजारी बसून जेवत होता.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना बोलावणं गेलं. ते आले, देवाला हात जोडले, प्रश्न ऐकला आणि म्हणाले, "मूर्ख. बावळट. दुसरं काही नाही."

"येवढाच?" आबा म्हणाले.

"एवढंच."

आणि देवळात जे हसू फुटलं ते होळीपुढेही फुटलं नव्हतं. "अरं, येडा तर मी तुला परवा बोल्लो, तवा तू माझ्याकडनं बिडी घेतलीस!" "आता काय, ह्याच्या आयशीवर पण गावकी बसवा, ती जन्मल्यापासून बोलते!" सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. हसत होत्या की रडत होत्या, मी बघितलं नाही. जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "काय गो, येवढ्यासाठी पंच बसवले?"

पंचांनी शिवी शिमग्यातलीच धरली, दंड नाही. दोघा भावांनी एका ठिकाणी चहा प्यावा असं ठरलं. चहा आला. चुलत दिराने कप पुढे केला. "घे रं, झालं आता." ह्यांनी कप घेतला, खाली ठेवला आणि निघाले.

अर्थ वाईट निघाला असता तर बरं झालं असतं. मग निदान अपमान तरी मोठा ठरला असता. अर्थ क्षुल्लक निघाला आणि आमची उरलीसुरली किंमत गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मला नीट मांडता येत नव्हतं, पण हे कळत होतं की गुरुजींनी सांगितलेला अर्थ बरोबर असला तरी ह्यांना लागलं ते वेगळं. सासूबाई येडा म्हणायच्या तेव्हा आपल्या पोराला म्हणायच्या. साहेबाला ह्यांचं नाव माहीत नव्हतं. त्याने नावाच्या जागी तो शब्द वापरला होता. आणि चुलत दिराने तोच, साहेबाच्या आवाजात, गावाला दिला होता.

त्यानंतर हे कामावर गेले नाहीत. चुलत दीर सकाळी गल्लीतून हाक मारायचा, "चल रं, गाडी चुकंल!" हे आत बसून राहायचे. पुढे त्याने हाक मारणं सोडलं. मग एके दिवशी तो माझ्याकडे मागच्या दाराने आला.

"वैनी, ठेकेदार बोल्ला, सोमवारी नाय आला तर दुसरा माणूस घेतो. यादीत पण नाव नाय जाणार."

"तुम्हीच सांगा की त्यांना, भावोजी."

"माझं ऐकंल तो? मी गेलो तर कोयता काढंल." मग म्हणाला, "मला काय माहीत वैनी, येवढं लागंल. मी आपला शिमगा केला."

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेबानं बोललेलं मागं घेतलं तर जाईन." साहेब कासूला येऊन शब्द मागे घेणार नव्हता. मी रागावले. भांडले. म्हटलं, शेत गेलं तेव्हा समुद्राला पाणी मागे घ्यायला लावलंत का? मग मी ठरवलं की आपणच जायचं.

सासूबाईंना पेणला जाते म्हणून सांगितलं आणि उलट्या दिशेची गाडी धरून रोह्याला उतरले. कंपनीपर्यंत विचारत चालत गेले. गेटवर वॉचमनने बराच वेळ बसवून ठेवलं. येणारेजाणारे बघत होते. गेटवर बसलेली बाई म्हणजे नवऱ्याचा पगार परस्पर मागायला आलेली, असं सगळे धरून चालतात. मी पदर डोक्यावरून घेतला आणि जमिनीकडे बघत राहिले.

साहेब आला. मी मनात मोठा, जाड, मिशीवाला माणूस धरून चालले होते. हा ह्यांच्याहूनही लहान, पोरगेलासा, घामाने भिजलेला. मराठीच होता.

"बोला बाई."

मी ह्यांचं नाव सांगितलं. त्याला कळलं नाही. मग सांगितलं, ज्यांनी ओट्यावरचं पाणी काढून टाकलं ते.

"हां, तो! चांगला माणूस आहे हो. दिसला नाही बरेच दिवस. आजारी आहे का?"

"तुम्ही बोललात ते त्यांना लागलं."

"मी? काय बोललो?"

आता तो शब्द मला उच्चारावा लागणार होता. मी तो आयुष्यात कधी तोंडात घेतला नव्हता. गेटवर, वॉचमन ऐकत असताना, नवऱ्याला लागलेला शब्द परक्या पुरुषासमोर म्हणायचा. मी म्हटला. माझ्या तोंडून तो कसातरीच आला.

साहेब आधी गोंधळला, मग हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. "ईडियट? अहो बाई, तो काय शब्द आहे का! मी स्वतःला म्हणतो, माझ्या बायकोला म्हणतो." तो वॉचमनकडे वळला. "काय रे, तुला कितीदा म्हणतो?"

"रोज, साहेब," वॉचमन म्हणाला. त्याने ते अभिमानाने सांगितलं.

"बघा. मला तर आठवतही नाही. पाठवा त्याला सोमवारी. ठेकेदाराशी मी बोलतो."

"उपकार झाले, साहेब," मी म्हणाले. आणि हात जोडले.

परतीच्या गाडीत जागा होती, पण मी दारापाशी उभी राहिले. नोकरी वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. नागोठणे गेलं तरी माझे कान गरम होते.

घरी आले तेव्हा हे पडवीत दोरी वळत बसले होते. मी कुठे गेले होते ते लपवण्यात अर्थ नव्हता, चपलांवर रोह्याची लाल धूळ होती. सरळ सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"साहेब भेटला?"

"भेटला. सोमवारी या बोलला. ठेकेदाराला सांगतो बोलला."

"आणि त्या गोष्टीचं?"

मला खोटं सांगता आलं असतं. साहेबाने माफी मागितली, असं म्हटलं असतं तर हे आनंदाने गेले असते. पण सोमवारी समोर साहेबच असणार होता.

"त्यांना आठवत नाय," मी म्हटलं.

"आठवत नाय?"

"सगळ्यांनाच बोलतात. वॉचमनला रोज बोलतात. स्वतःला पण बोलतात."

"मंग मी इतके दिवस भांडलो कोणाशी?" असं ते म्हणाले, पण मला नव्हे. मग त्यांनी विचारलं, "तू काय बोललीस त्याला?"

"उपकार झाले बोलले."

मला वाटलं आता उठतील, ओरडतील, निदान दोरी तरी फेकतील. मी भिंतीला पाठ लावून उभीच राहिले होते.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि कामावर न्यायच्या डब्याची कडी नीट बसत नाही म्हणून डबा मागितला. मी फळीवरून डबा काढून दिला. त्यांनी कडी दगडावर ठेवून ठोकून सरळ केली, लावून बघितली, पुन्हा ठोकली. सोमवारी पहिल्या शिफ्टला ते गेले. चुलत दिराने गल्लीतून हाक मारली होती. ह्यांनी ओ दिली नाही, पण गेले त्याच्याच मागून.